छायाप्रकाशाचा पल्ला : फिल्म आणि डिजिटल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांच्या जोडीला छायाचित्रणासारख्या काहीशा तांत्रिक विषयाला स्थान दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. हा विषय निवडण्यास निमित्त घडले ते स्मरणिकेचे. जुनी छायाचित्रे पाठवावीत असे आवाहन मंडळाने केले, तेव्हा घरोघरचे आल्बम आले, चौकटीतून काढलेल्या तसबिरी आल्या. परंतु निगेटिव्ह मात्र चार-पाच घरांतूनच आल्या. बाकीच्यांनी सांगितले की, बदलीच्या गावी सामान हलविताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत त्या केव्हाच टाकून दिल्या. एका गृहस्थांनी तर मला सरळच विचारले, "प्रिंट जवळ असताना निगेटिव्ह सांभाळायची कशाला? प्रिंटचाच मोबाइलवर फोटो काढला की काम झाले."

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे तर फिल्म प्रकाश कसा टिपते, डिजिटल कॅमेऱ्यातील सेन्सर तो कसा टिपतो आणि त्यातले कागदावर किती उतरते, या तिन्ही गोष्टी समजावून घ्याव्या लागतील. तेच आज करावयाचे आहे.

प्रारंभीच एक योगायोग सांगतो. आपले मंडळ १९७५ साली स्थापन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा चालवून दाखविला. वजन सुमारे साडेतीन किलो. चित्र काळेपांढरे, आडवे शंभर आणि उभे शंभर, म्हणजे अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे. आणि ते एक चित्र कॅसेटवर उतरविण्यास तेवीस सेकंद लागत. त्याच्या पोटातील प्रकाश टिपणाऱ्या सी.सी.डी. नावाच्या घटकाची कल्पना विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत मांडली होती. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. म्हणजे आपले मंडळ आणि डिजिटल कॅमेरा हे समवयस्क होत. मंडळाच्या पहिल्या तीसएक वर्षांची चित्रे फिल्मवर आहेत आणि पुढील वीसएक वर्षांची सेन्सरवर. आपल्या आठवणींचे भांडार असे दोन स्वभावांच्या भांड्यांत विभागलेले आहे.

पल्ला म्हणजे काय?

गवयाच्या आवाजाला जसा खर्जापासून तारसप्तकापर्यंत पल्ला असतो, तसा छायाचित्राच्या साधनालाही प्रकाशाचा पल्ला असतो. ज्या गडद छायेत काही तपशील उमटतो तिथपासून ज्या प्रखर उजेडात अद्याप तपशील शिल्लक राहतो तिथपर्यंतचे अंतर म्हणजे हा पल्ला. इंग्रजीत त्यालाच 'डायनॅमिक रेंज' म्हणतात. तो 'स्टॉप' या एककाने मोजतात. प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला. दोन स्टॉप म्हणजे चौपट, दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट आणि चौदा स्टॉप म्हणजे १६,३८४ पट. दुपटीचा हा हिशेब आरंभी किरकोळ वाटतो आणि पाहता पाहता डोंगराएवढा होतो.

आता आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. भर दुपारच्या उन्हात अंगणात सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. आतल्या खोलीत तो शंभर लक्सच्या आसपास असतो. हा फरक हजारपटीचा, म्हणजे दहा स्टॉपचा झाला. शिवाय एकाच प्रकाशात पांढरेशुभ्र धोतर आणि काळी मखमल शेजारी ठेवली, तर त्यांच्यात आणखी पाच स्टॉपचे अंतर पडते. आजी आत पाटावर बसली आहे आणि मागच्या उघड्या दारातून अंगणातले ऊन दिसते आहे, असे साधे दृश्य पंधरा स्टॉपपर्यंत जाऊ शकते. आपला डोळा आजीकडून अंगणाकडे वळताना क्षणोक्षणी स्वतःला जुळवून घेतो, म्हणून आपल्याला दोन्ही दिसते. कॅमेऱ्याला मात्र सारे एकाच क्षणात, एकाच मापाने टिपावे लागते.

फिल्मचा स्वभाव

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. स्फटिकावर प्रकाश पडला की आत चांदीचे काही अणू मोकळे होतात. असे चारएक अणू एका जागी जमले की तो स्फटिक 'जागा' झाला. दिसत काहीच नाही. पण डेव्हलपरच्या द्रावणात तो आख्खा स्फटिक, त्यातील अब्जावधी अणूंसह, धातुरूप चांदीत पालटतो. चार अणूंच्या इशाऱ्यावर अब्जावधी अणूंनी पालटावे, ही रसायनशास्त्रातील मोठी नवलाची गोष्ट होय. तिची उपपत्ती रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट या शास्त्रज्ञांनी १९३८ साली मांडली.

या रचनेतून फिल्मचे दोन गुणधर्म निर्माण होतात. पहिला असा की, फार मंद प्रकाशात एखादा अणू सुटतो, पण जोडीदार येण्यापूर्वीच तो पुन्हा क्षारात विरून जातो. म्हणून एका मर्यादेखालचा प्रकाश फिल्मच्या लेखी पडलाच नाही असे होते. दुसरा गुणधर्म असा की, स्फटिक लहानमोठे असतात. मोठ्यांवर प्रकाशकण सहज आदळतात, म्हणून ते आधी जागे होतात. लहानांना जागे करण्यास अधिक प्रकाश लागतो. त्यामुळे प्रकाश वाढत गेला तरी फिल्म एकदम भरून जात नाही. तिचा प्रतिसाद हळूहळू मंदावत जातो.

फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी इंग्लंडमध्ये १८९० साली मोजमापे घेऊन या वर्तनाचा आलेख प्रसिद्ध केला. खाली पायथ्याशी सपाट, मध्ये सरळ चढ आणि वर खांद्यासारखा वळलेला असा त्याचा आकार आहे. मृगाच्या पावसाने जमीन जशी भिजते, तसेच हे आहे. पहिला शिडकावा तापलेल्या मातीत कुठे जिरला ते कळतही नाही. मग माती पाणी पिऊ लागते. आणि पुरती भिजल्यावरही बराच वेळ थोडेथोडे मुरवीतच राहते.

फिल्मचा 'वेग' म्हणजे तिची प्रकाशसंवेदनशीलता. जुन्या खोक्यांवर '१०० ए.एस.ए., २१ डिन' असे छापलेले अनेकांना आठवत असेल. अमेरिकन आणि जर्मन अशी ती दोन मापे. १९७४ पासून ती आय.एस.ओ. या एकाच मापात गुंफली गेली. १९३५ साली आलेल्या कोडाक्रोमचा वेग अवघा दहाच्या आसपास होता. ट्राय-एक्स या काळ्यापांढऱ्या फिल्मचा चारशे. वेग वाढवावयाचा तर स्फटिक मोठे करावे लागतात आणि स्फटिक मोठे झाले की चित्रात रवा दिसू लागतो. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म आपल्यापैकी कित्येकांनी वापरली असेल. १९६० साली स्थापन झालेला तो कारखाना आज बंद आहे. पण त्याच्या फिल्मवरील कितीतरी मुंजी आणि बारशी अजून आपल्या ट्रंकांत आहेत.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. निगेटिव्ह फिल्म बारा-तेरा स्टॉपचा पल्ला सहज सांभाळते. पडद्यावर दाखविण्याची स्लाइड मात्र सहा-सात स्टॉपमध्येच संपते. म्हणून स्लाइड वापरणाऱ्याला प्रकाशाचे माप काटेकोर घ्यावे लागे आणि निगेटिव्हवाल्याचे थोडे कमीजास्त झाले तरी खपून जाई.

सेन्सरचा स्वभाव

सेन्सर हा सिलिकॉनचा बनलेला असतो. त्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घरात प्रकाशकण पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि तो तिथेच साठतो. फिल्म तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशकणांपैकी शेकडा एकदोनच कामी लावते. चांगला सेन्सर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक कामी लावतो. खगोलशास्त्रज्ञांनी काचेच्या पट्ट्या सोडून सर्वांआधी सी.सी.डी. जवळ केली, ती याच कारणाने. शिवाय एकटा इलेक्ट्रॉन फिल्मवरील एकट्या अणूसारखा विरून जात नाही. म्हणून मंद उजेडात सेन्सर फिल्मच्या कितीतरी पुढे आहे.

परंतु त्याचा हिशेब सरळ रेषेतला आहे. प्रकाश दुप्पट तर इलेक्ट्रॉन दुप्पट. आणि घर भरले की संपले. अंगणात पागोळीखाली ठेवलेल्या घागरीसारखी ही गोष्ट आहे. घागर काठोकाठ भरल्यावर वर एक घागर पाणी वाहून गेले की दहा घागरी, हे तिच्याकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. डिजिटल चित्रात जिथे पांढरे 'जळते', तिथे तपशील दडलेला नसतो. तो नोंदलाच गेलेला नसतो.

पल्ल्याचे गणितही यावरूनच निघते. समजा, एका घरात साठ हजार इलेक्ट्रॉन मावतात आणि ते मोजताना यंत्राकडून चारएक इलेक्ट्रॉनांची चूक होते. साठ हजारांना चाराने भागले की पंधरा हजार, म्हणजे जवळजवळ चौदा स्टॉप. चांगल्या कॅमेऱ्याचा पल्ला आज इथवर आला आहे.

मग डिजिटल कॅमेऱ्यावर आय.एस.ओ. शंभरावरून बत्तीसशेवर नेतो तेव्हा काय होते? सेन्सर अधिक संवेदनशील होतो असा सार्वत्रिक समज आहे, पण तो खरा नव्हे. गणेशोत्सवात गायकाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही म्हणून आपण ॲम्प्लिफायरची कळ फिरवितो. त्याने मायक्रोफोनचा कान तीक्ष्ण होत नाही. आला तेवढाच आवाज मोठा होतो आणि त्याबरोबर खरखरही मोठी होते. कॅमेऱ्यातील आय.एस.ओ. ही अशीच कळ आहे. ती दुपटीने वाढविली की वरच्या बाजूचा साधारण एक स्टॉप हातचा जातो. फिल्मचा वेग तिच्या स्फटिकांत असतो आणि सबंध रोलभर तोच राहतो. डिजिटलचा 'वेग' प्रत्येक चित्रागणिक बदलता येतो, पण तो उसना असतो.

दोहोंतील खरा भेद

येथवरच्या विवेचनाचे सार एका वाक्यात सांगता येईल. निगेटिव्ह फिल्म उजेडाला सांभाळून घेते आणि काळोखात हरवते. सेन्सर काळोखाला सांभाळून घेतो आणि उजेडात हरवतो. कोण श्रेष्ठ हा वाद मला निरर्थक वाटतो. आकड्यांनी दोघांचा पल्ला आज जवळजवळ सारखाच आहे. पण तो पल्ला कोणत्या टोकाला कसा संपतो, यात सारे अंतर आहे.

म्हणूनच दोघांचे नियम उलटे आहेत. जुने छायाचित्रकार सांगत की, निगेटिव्हला प्रकाश छायेच्या हिशेबाने द्यावा, थोडा अधिक गेला तरी बिघडत नाही. डिजिटलमध्ये प्रकाश उजळ भागाच्या हिशेबाने द्यावा लागतो. मुंजीत बटूचे पांढरे उपरणे, लग्नात नवऱ्या मुलाचा शुभ्र सदरा, निरांजनाची ज्योत, हे भाग जळू न देणे महत्त्वाचे. छायेतले चेहरे मागाहून उजळता येतात. आजचे मोबाइल तर एका चित्रासाठी एकापाठोपाठ अनेक अल्पप्रकाशी चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतात. उजळ भाग जळू न देता छाया भरून काढण्याचाच तो मार्ग आहे.

कागदाची मर्यादा

आता त्या गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. छायाचित्राच्या चकचकीत कागदावरचा पांढरा भाग जेवढा प्रकाश परतवितो, त्याच्या शंभराव्या भागाइतका तरी प्रकाश काळा भागही परतवितोच. म्हणजे कागदाचा पल्ला शंभरपट, सुमारे साडेसहा स्टॉप. निगेटिव्हमध्ये बारा स्टॉपचे दृश्य आहे आणि कागदावर त्यातले साडेसहाच मावतात. उरलेल्याचे काय करावयाचे, हे प्रिंट करणारा ठरवी. कसलेला कारागीर एन्लार्जरखाली हाताची सावली धरून चेहरा हलका ठेवी, आकाशाला चार सेकंद अधिक देई आणि दोन्ही टोके कागदात बसवी. पुढे रंगीत लॅबची यंत्रे आली. ती सरासरी काढून भराभर प्रिंटा टाकीत. सरासरीत न बसलेले सारे निगेटिव्हमध्येच राहिले. म्हणून प्रिंटचा फोटो काढणे म्हणजे ग्रंथाच्या सारांशाची नक्कल करून ग्रंथ रद्दीत घालण्यासारखे आहे.

याचे एक उदाहरण मंडळाच्याच संग्रहातले आहे. १९७८ सालच्या गणेशोत्सवातले एक काळेपांढरे चित्र आहे. मखरापुढे मंडळी उभी आहेत आणि अगदी पुढे, कॅमेऱ्याजवळ, आरतीचे ताट घेतलेल्या एक बाई आहेत. मंडळाच्या पहिल्या हळदीकुंकू समारंभाच्या त्या आयोजक. त्यांचे दुसरे चित्र मंडळाकडे नाही. आणि या चित्रात चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा आहे. कारण उघड आहे. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. मंडळी चार मीटरवर होती आणि माप त्यांचे घेतले होते. बाई एक मीटरवर, म्हणजे त्यांच्यावर सोळापट, चार स्टॉप अधिक प्रकाश पडला.

सुदैवाने त्या रोलची निगेटिव्ह एका सभासदांकडे निघाली. तीत तो भाग काळाकुट्ट दिसत होता, म्हणजे तिथे चांदी दाट साठली होती. निगेटिव्ह पांढऱ्या दिव्याच्या पेटीवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने तिचे चित्र घेतले आणि संगणकावर तो दाट भाग मोकळा केला. नाक, डोळे, कपाळावरचे कुंकू, नथीतले मोती, सारे तिथे होते. सत्तेचाळीस वर्षे ते तिथेच होते. ते चित्र या स्मरणिकेत छापले आहे. हीच चूक डिजिटल कॅमेऱ्यावर झाली असती, तर तो चेहरा कोणत्याही उपायाने परत मिळाला नसता.

यात फिल्म आणि सेन्सर यांची जोडीही कशी जमते पाहा. निगेटिव्ह दृश्याचा विस्तृत पल्ला आवळून ठेवते. तिचा सर्वांत दाट आणि सर्वांत विरळ भाग यांत साधारण शंभरपटीचेच अंतर असते. चौदा स्टॉपच्या सेन्सरला ते सहज वाचता येते. फिल्मने जपून ठेवावे आणि सेन्सरने वाचावे, असा हा संसार आहे. स्लाइडचे काळे भाग मात्र फार दाट असतात. तिच्यासाठी यंत्र चांगले लागते.

काही सूचना

शेवटी, घरी गेल्यावर करावयाच्या चार गोष्टी सांगतो.

एक : निगेटिव्ह टाकू नका. त्या कडेला धरून हाताळा आणि आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत, थंड व कोरड्या जागी ठेवा. तापणाऱ्या माळ्यावर नको. एखाद्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला, तर तिचा ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे असे समजून ती बाकीच्यांपासून दूर करा आणि तिची प्रत सर्वांत आधी घ्या.

दोन : जुन्या प्रिंटमध्ये जिथे पांढरे जळलेले दिसते, तिथे निगेटिव्हमध्ये शोधा, बहुधा काही सापडेल. जिथे काळे ठिक्कर आहे, तिथे आशा कमी. डिजिटल चित्रांत याच्या उलट धोरण ठेवा.

तीन : महत्त्वाच्या समारंभाच्या छायाचित्रकाराकडून शक्य तर 'रॉ' फायली मागून घ्या. नेहमीच्या जेपेग फायलीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. 'रॉ'मध्ये ४,०९६ किंवा १६,३८४. उद्याची निगेटिव्ह म्हणजे तीच.

चार : डिजिटल चित्रांच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि त्या अधूनमधून उघडून पाहा. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली की निदान काय आहे ते कळते, बिघडलेल्या सी.डी.कडे पाहून काहीच कळत नाही. २००५ नंतरच्या दहा वर्षांतली कितीतरी बारशी आणि वाढदिवस बंद पडलेल्या संगणकांबरोबर गेले, हे आपण सर्व जाणतो.

या चारांच्या जोडीला मंडळाला एक विनंती. सुवर्णमहोत्सवी वर्षात महिन्यातून एक रविवार सभासदांच्या निगेटिव्हच्या प्रती काढण्यासाठी राखून ठेवावा. दिव्याची एक पेटी, एक बऱ्यापैकी कॅमेरा आणि दोन उत्साही तरुण, एवढेच भांडवल त्याला पुरते. कोणते चित्र कुठल्या गावचे, त्यात कोण कोण आहे, हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम चांगले होईल. आपण मूळ गावापासून दूर राहिलो. आपल्यापैकी कित्येकांची तिकडची घरे पडली, वाडे विकले गेले. ते अंगण आणि त्या अंगणात उभी असलेली माणसे आता फिल्मच्या पट्टीवरच आहेत. तेव्हा येत्या दिवाळीच्या साफसफाईत फोटोंच्या पाकिटातून तपकिरी पट्ट्या हाती लागल्या, तर त्या केराच्या टोपलीत न टाकता मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात.